गावच्या पाटीवरील आकड्याला नावे कशी मिळवावीत : तरुण स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी दगडी पाटी आढळते. तिच्यावरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि त्याचा आशय असा असतो की, या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. दोन ओळी आणि दोन आकडे, एवढेच. नाव एकही नसते. पहिल्या महायुद्धात भारतातून १३ लाखांहून अधिक माणसे सेवेत होती आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार मृत्यू पावली, हे आपण पुस्तकांत वाचतो. परंतु आपल्या स्वतःच्या गावातून कोण गेले आणि कोण आले नाही, हे गावातील बहुतेक तरुणांना सांगता येत नाही.

ही उणीव केवळ आपल्या चावडीपुरती नाही. इराकमधील बसरा येथे जे मोठे स्मारक आहे, त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे. तेथेही ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, मात्र साध्या भारतीय शिपायांची पलटणवार संख्याच तेवढी दिली गेली. त्यांची नावे कागदोपत्री यादीत राहिली. म्हणजे आपला माणूस गावातही आकडा झाला आणि बसऱ्यातही आकडाच राहिला. म्हणून सैनिकी वारसा जपण्यासाठी काही करू इच्छिणाऱ्या तरुण गटाने नवे स्मारक उभारण्याचा विचार करण्याआधी या जुन्या आकड्यामागची माणसे शोधावीत, असे माझे ठाम मत आहे. हे काम खर्चाचे नाही, पण चिकाटीचे आहे, आणि ते ज्या क्रमाने करावे तो क्रम अनुभवातून पुढे मांडत आहे.

आरंभ : संमती आणि माणसे

पाटी ज्या भिंतीत आहे ती भिंत कोणाच्या मालकीची आहे, हे प्रथम पाहावे. ग्रामपंचायतीची असल्यास ग्रामपंचायतीची आणि शाळेची असल्यास शाळा व्यवस्थापनाची लेखी संमती घेतल्याशिवाय पाटीला हातही लावू नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभेत पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि आपण काय करणार आहोत, त्याहीपेक्षा काय करणार नाही, हे स्पष्ट सांगावे. पाटी हलवणार नाही, रंगवणार नाही, कोणाच्या घरातील पदक किंवा कागद घेऊन जाणार नाही, या तीन गोष्टी सर्वांसमोर बोलून दाखवल्या की पुढची निम्मी वाट मोकळी होते.

गट चार ते सहा जणांचा पुरेसा होतो. राष्ट्रीय सेवा योजनेतील किंवा राष्ट्रीय छात्रसेनेतील मुलेमुली असल्यास उत्तमच, पण गटात एक गावचा माजी सैनिक पहिल्या दिवसापासून असावा. हुद्दे, पलटणी, सैन्यातील बोलण्याची पद्धत हे त्याला पुस्तकाविना ठाऊक असते, आणि एखाद्या घरात परक्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर मिळत नाही, ते 'आपल्या सुभेदारसाहेबांना' मिळते. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय असते. तेथे आपल्या उपक्रमाचे एक पत्र देऊन ठेवावे. पहिल्या महायुद्धाची माहिती तेथे मिळेलच असे नाही, परंतु पुढच्या काळातील माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्याशी संपर्क तेथूनच रीतसर होतो.

एका बाबतीत मी विशेष आग्रही आहे. पाटीवरील आकड्यात सगळे गाव मोजलेले असते, पण गावाच्या आठवणीत मात्र मोठ्या वाड्यातील सुभेदारच टिकून राहतो. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही गेली. त्या पलटणीत गेलेल्यांची स्मृती जपण्यास पुढे पलटणच उरली नाही. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. शिवाय खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, डोलीवाले असे कितीतरी बिनहत्यारी लोक सैन्याबरोबर गेले होते. कोकणपट्टीतील खलाशी तर बोटीवर गेले आणि समुद्रातच राहिले. मुंबईत मशीद बंदराजवळील खलाशीगृहात अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. तेव्हा शोध गावठाणात सुरू करून तेथेच संपवू नये. प्रत्येक वाडी, प्रत्येक मोहल्ला आणि प्रत्येक वस्तीवर गटातील कोणी तरी जाऊन आलेच पाहिजे.

पाटी वाचणे

पाटी वाचणे हे काम वाटते तेवढे सोपे नाही. आमच्या गटाने जिच्यावर हे काम शिकले ती पाटी शाळेच्या व्हरांड्यात होती आणि तिची अक्षरे वर्षानुवर्षे काळ्या ऑइलपेंटने गिरवली जात असत. त्या गावातून सहा जण कामी आले, असे लहानथोर सर्वजण सांगत. आम्हीही पहिल्या दिवशी सहाच लिहून घेतले. एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गटातील एका मुलीने बॅटरी पाटीसमोर न धरता भिंतीलगत आडवी धरली. तिरप्या उजेडात कोरीव खाचांच्या सावल्या पडल्या आणि रंगवलेल्या इंग्रजी सहाच्या अंकाला वरच्या बाजूस आणखी एक अर्धे वेटोळे दिसू लागले. ते चुन्याने बुजले होते आणि रंगवणाऱ्याने ते सोडून दिले होते. अंक आठचा होता. चांगल्या हेतूने फिरवलेल्या एका कुंचल्याने दोन माणसे गावाच्या स्मृतीतून वगळली गेली होती. त्यानंतर तिरप्या उजेडाशिवाय कोणतीही पाटी वाचायची नाही, असा नियमच आम्ही केला.

हा नियम असा पाळावा. दिवसा पाटीचे एक छायाचित्र अगदी समोरून, कॅमेरा पाटीच्या मध्याच्या उंचीवर धरून घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. दुसरे छायाचित्र थोडे मागे जाऊन, पाटी कोणत्या भिंतीत, कोणत्या दाराशेजारी आहे हे दिसेल असे घ्यावे; शाळेची इमारत पाडली गेली तर हेच छायाचित्र पुढे पुरावा ठरते. मग अंधारात बॅटरी डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून अशी चारही बाजूंनी भिंतीला जवळजवळ टेकवून धरावी आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. मजकूर उतरवताना जसा आहे तसा, ओळ जेथे तुटते तेथे तोडून उतरवावा. जे अक्षर लागत नाही तेथे अंदाज न लिहिता टिंब द्यावे. दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून मग ताडून पाहावे.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ, रांगोळी किंवा हळद भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. बारीक कण खाचांत अडकून राहतात, ओल धरतात आणि दगड झिजतो.

स्वच्छतेबाबत तर माझे पहिले सांगणे असे की, शक्यतो करूच नये. धूळ आणि जाळी काढण्यासाठी कोरडा मऊ कुंचला पुरतो. त्यापुढे जायचेच असेल तर साधे स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश, एवढेच साहित्य वापरावे. जगभरातील युद्धस्मशानांत स्वयंसेवकांना समाधीशिळा धुण्यास शिकवतात तेव्हाही पाणी आणि बिनधातूचा मऊ ब्रश यांच्या पलीकडे काही हाती देत नाहीत. सकाळच्या गारव्यात दगड आधी पुरता भिजवावा, खालून वर हलक्या हाताने घासत जावे आणि शेवटी वरून पाणी सोडावे. शेवाळे असल्यास ते भिजू द्यावे आणि बांबूच्या बोथट काडीने अलगद सोडवावे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशी किंवा शौचालय धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही वापरू नये. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड असल्यामुळे आम्ल लागताच त्याचा पृष्ठभाग अक्षरशः विरघळतो. पाटी त्या दिवशी पांढरीशुभ्र दिसते आणि पुढच्या काही वर्षांत अक्षरे पुसट होत जातात. तारेचा ब्रश, सँडपेपर आणि पाण्याचा जोरदार फवारा यांनाही मनाई आहे. जुना ऑइलपेंट खरवडून काढण्याचे धाडस करू नये, ते दगड जतन करणाऱ्या तज्ज्ञाचे काम आहे. पाटीला तडा गेला असेल तर सिमेंट भरू नये. सिमेंट दगडापेक्षा कठीण असल्याने तडा शेजारी सरकतो.

गावाबाहेर वीरगळ, म्हणजे जुन्या काळी लढून पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, असतील तर त्यांचीही छायाचित्रे घ्यावीत, पण त्यांवरील शेंदूर आणि तेल काढू नये. ती लोकांची चालती पूजा आहे आणि त्या पूजेमुळेच ते दगड इतकी शतके जागेवर राहिले आहेत.

घरोघरी विचारणे

पहिल्या महायुद्धात कामी आलेला माणूस पाहिलेले आता कोणी उरलेले नाही. त्याच्या मुलांना किंवा सुनांना पाहिलेली माणसे मात्र आहेत, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीपासून सुरुवात करावी. 'तुमच्या घरातील कोणी पहिल्या महायुद्धात होते का,' असे विचारल्यास बहुधा नाही म्हणून उत्तर येते. 'जर्मनच्या लढाईला कोणी गेलं होतं का, आजी? बसऱ्याचं नाव घरात कधी निघायचं का? पलटणीची पेन्शन कोणाला यायची?' असे विचारले की गाडी सुरू होते. घरातील माणसे युद्धाचे नाव विसरतात, पण पेन्शनसाठी तालुक्याला घातलेल्या खेपा विसरत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांत पलटणीतल्या भावाचा उल्लेख येतो का, हेही आठवणीने विचारावे.

भेटीला दोघांनीच जावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि मुद्रणाच्या सुरुवातीलाच दिवस, गाव आणि संमती बोलून घ्यावी. आजी विषय सोडून शेतीबद्दल बोलू लागली तर तिला तोडू नये. एकदा अशाच भाऊबंदकीच्या गोष्टीतून 'तो वारला लढाईत, म्हणून ती जमीन धाकट्याकडे आली' असे वाक्य निघाले आणि त्या एका वाक्यावरून आम्ही जुन्या फेरफार नोंदीपर्यंत पोहोचलो. वारसाची नोंद ज्या वर्षी लागली आहे, त्याच्या आसपास मूळ माणसाचा मृत्यू झाला असण्याची शक्यता असते. तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून अशा नोंदीची नक्कल मिळते.

घरात पदक असेल तर ते टेबलावर मऊ कापड पसरून त्यावर ठेवावे आणि कडेने धरावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती अक्षरे बारीक असतात. भिंग घेऊन, पदक हळूहळू फिरवत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने अक्षर न अक्षर लिहावे. हा क्रमांक म्हणजे पुढच्या शोधाची किल्ली आहे, कारण नावे सारखी असतात, क्रमांक सहसा नसतो. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे होते, त्यामुळे अडचणीच्या काळात ते मोडले गेले असेल तर घरच्यांना त्याबद्दल खंत वाटेल असे काही बोलू नये. मृताच्या वारसांना कांस्याची, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची गोल ढाल दिली जात असे. तिच्यावर नाव असते, पण हुद्दा आणि पलटण नसते. ती अनेकदा माळ्यावर किंवा ट्रंकेच्या तळाशी सापडते. पितांबरी किंवा राख लावून पदक घासू नये, कारण कडेवरची अक्षरे त्यानेच जातात. कुटुंबाला हेही सांगावे की १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो, आणि दारावर येऊन पदके विकत मागणाऱ्यास ती देण्याआधी दहादा विचार करावा.

नोंदींतील शोध

आता सर्वांत मोठे काम येते. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैन्याच्या मृतांची सूची कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध ठेवली आहे. ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. पहिल्या महायुद्धासाठी तिची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी आहे, ही गोष्ट विसरू नये. एखादा शिपाई १९१८ च्या शेवटी इन्फ्लुएन्झाच्या साथीत छावणीत वारला असेल किंवा १९२० मध्ये इराकमध्येच मेला असेल, तरी त्याचे नाव या सूचीत असू शकते. 'तो लढाईत नाही, तापाने गेला' असे घरचे सांगतात म्हणून त्याला वगळू नये. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत रोगराईने फार माणसे नेली.

सूचीत शोधताना चार अडचणी येतात. पहिली नावाची. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे संभवतात: शिंदे शोधताना सिंदे, भोसले शोधताना भोंसले, जाधव शोधताना जाधो अशी रूपे करून पाहावी लागतात. अनेकदा शिपायाचे नाव आडनावाच्या रकान्यातच घातलेले असते, म्हणून नुसते 'गणपत', 'राघू', 'भाऊ' असेही शोधावे. दुसरी अडचण गावाच्या नावाची. तेथेही तोच प्रकार असतो. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात अनेकदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, तेव्हा त्या रकान्यात तालुक्याचे नाव घालून सर्व नोंदी एकदा चाळून काढाव्यात. वेळखाऊ असली तरी हीच रीत सर्वांत जास्त फळ देते.

तिसरी अडचण जिल्ह्याची आहे आणि नवीन मुले हमखास येथे चुकतात. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि १९४९ मध्ये ते दक्षिण सातारा म्हणून वेगळे झाले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला. रायगड तेव्हा कुलाबा होता. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थाने होती. तेव्हा मालवणचा शिपाई रत्नागिरीखाली आणि वाळव्याचा साताऱ्याखाली शोधावा.

चौथी अडचण पलटणीची. तेव्हाच्या मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १०३ वी ही तिची पहिली बटालियन, म्हणजेच 'जंगी पलटण' ठरली. घरचे 'आजोबा जंगी पलटणीत होते' असे सांगत असतील आणि काळ पहिल्या महायुद्धाचा असेल, तर सूचीत १०३ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीखाली पाहावे. मात्र सगळेच मराठी शिपाई मराठा पलटणींत होते असे नाही. बॉम्बे सॅपर्स, बलुची पलटणी, पायोनियर, तोफखाना आणि हमालांच्या तुकड्या यांतही ते होते.

मृत्यूची तारीख मिळाली की ती वाचता आली पाहिजे. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या किनाऱ्यावर उतरली आणि वर्षभर तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत राहिली. नोंदीत २२ नोव्हेंबर १९१५ किंवा त्यानंतरचे दोन-तीन दिवस असतील तर तो माणूस बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत पडला असण्याची दाट शक्यता आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातील तारीख आणि पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात तो सापडला होता, असे बहुधा म्हणता येते. हा वेढा १४७ दिवस चालला, अन्न संपले आणि सुमारे १३ हजारांच्या फौजेला शरण जावे लागले. पलटण यांपैकीच आणि तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असल्यास तुर्कांच्या कैदेतील मृत्यूचा विचार करावा. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले आणि कित्येकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. घरच्यांना हे सांगताना 'असावा' हा शब्द वापरावा. तारीख कागदावर आहे, प्रसंग आपण जोडलेला आहे.

हिंदू शिपायाचे बहुधा दहन होत असे, म्हणून त्याची कबर मिळण्याची शक्यता कमी आहे हे कुटुंबाला आधीच समजावून सांगावे. त्याचे नाव स्मारकावर किंवा स्मारकाच्या यादीत असते. पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानभूमीत गटाने एक सकाळ अवश्य घालवावी. तेथे दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांचे स्मारक आहे. शिळेवरील क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख हा क्रम डोळ्यांत बसला की सूची वाचणे फार सोपे जाते.

याखेरीज राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहावे. गावचा कोणी तरुण लंडनला नोकरीस असेल तर त्याच्याकडे एक रविवार नव्हे, कामाचा एक दिवस मागावा: क्यू येथील अभिलेखागारात पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दफ्तर आहे. शिपायाचे नाव डायरीत क्वचितच येते, पण तो ज्या दिवशी पडला त्या दिवशी पलटण कोठे होती, हे तेथे कळते.

नाव खरे कशावरून

सापडलेल्या प्रत्येक नावापुढे पुरावा लिहावा. दोन स्वतंत्र लेखी नोंदी, उदाहरणार्थ कमिशनची सूची आणि पदकाची कड, जुळत असतील तर नाव 'निश्चित' धरावे. एक लेखी नोंद आणि कुटुंबाची आठवण जुळत असेल तर 'बहुधा'. केवळ आठवण असेल तर 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार'. तिन्ही गोष्टी वहीत राहतील, पण एकमेकांत मिसळणार नाहीत. पाटीवर आठचा आकडा आहे म्हणून आठ नावे भरलीच पाहिजेत, हा आग्रह सर्वांत घातक आहे. त्यापायी शेजारच्या त्याच नावाच्या गावातील माणूस आपल्या गावात ओढून आणला जातो आणि त्याचे खरे घर कायमचे पोरके होते.

सैन्यात होता आणि युद्धकाळात वारला असे दोन्ही सिद्ध होत असूनही कमिशनच्या सूचीत नाव नसेल, तर पुराव्यासह कमिशनकडे अर्ज करता येतो. स्वतः कमिशननेच २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे की, पहिल्या महायुद्धातील किमान १ लाख १६ हजार मृतांचे, ज्यांत आफ्रिकेतील आणि मध्यपूर्वेतील फार मोठी संख्या आहे, नावाने किंवा मुळातच स्मरण झाले नसावे. तेव्हा हा अर्ज करणे म्हणजे कोणाच्या मेहेरबानीची याचना नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांबाबत पद्धत वेगळी ठेवावी. १९६२, १९६५, १९७१, कारगिल आणि नंतरच्या चकमकींत गेलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आहेत, आणि २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' उपक्रमात गावोगावी बसवलेल्या शिलाफलकांवरही अनेक ठिकाणी ती आली आहेत. येथे शोध घेण्याचे काम थोडे आणि जपून वागण्याचे काम अधिक आहे. वीरमाता किंवा वीरपत्नी यांची इच्छा असेल तरच बोलणे काढावे. शेवटचा फोन, शवपेटी, तो दिवस यांबद्दल आपणहून विचारू नये. तो लहानपणी कसा होता, हे विचारावे. त्या घरातील कोणी आज सेवेत असेल तर त्याची पलटण, ठिकाण किंवा गणवेशातील छायाचित्र कोठेही प्रसिद्ध करू नये.

स्मरणाचा दिवस

दिवस कोणता निवडावा, याबाबत माझे मत असे आहे की निश्चित झालेल्या एखाद्या नावाची मृत्युतिथीच निवडावी. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस हे सर्व देशाचे दिवस आहेत आणि ते पाळले जातातच. परंतु आपल्या माणसाची तारीख फक्त आपलेच गाव पाळू शकते. कार्यक्रम अर्ध्या तासाचा असावा. वृद्ध आणि कुटुंबीय यांना सावलीत, पुढच्या रांगेत खुर्च्या असाव्यात. भाषण एकच, तेही माजी सैनिकाचे. मग शाळेतील मुलांनी एकेक नाव, वडिलांचे नाव, पलटण, तारीख आणि ठिकाण असे स्पष्ट वाचावे, आणि प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबावे. ज्याचे नाव मिळालेले नाही त्याच्या वाट्याला 'या गावातील एक शिपाई' असे शब्द यावेत, म्हणजे पाटीवरील आकडा वाचनातही पूर्ण होतो.

सर्व माहिती एका जाड बांधणीच्या वहीत शाईने लिहावी आणि तिच्या तीन प्रती कराव्यात: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक जिल्हा ग्रंथालयात. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे निदान दोन वेगळ्या ठिकाणी साठवावीत, कारण मोबाइल हरवतो आणि गटातील मुले नोकरीसाठी पांगतात. पाटीशेजारी नावांचा फलक लावण्याचा विचार झाल्यास तो जुन्या पाटीला न चिकटवता वेगळ्या चौकटीत लावावा आणि खाली नवी नावे वाढवता येतील एवढी जागा कोरी सोडावी.

त्या शाळेच्या व्हरांड्यातील पाटीसाठी केलेल्या वहीत आठ ओळी आखलेल्या आहेत. पाच शाईने भरल्या आहेत, सहाव्या ओळीत पेन्सिलीने एक नाव आणि पुढे 'बहुधा' असे लिहिले आहे. सातवी आणि आठवी ओळ क्रमांक घालून मोकळी ठेवली आहे, आणि वहीच्या पहिल्या पानावर, कोणत्या वाडीत कोणाकडे अजून जायचे राहिले आहे, त्याची यादी पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी लिहून ठेवलेली आहे.